वाशीमच्या गितारवाल्या बाई

मी सुतार. माझा बापही सुतार होता. वखर, तिफण, डवरे अशी शेतीची अवजारं आणि बंडीची चाकं यांतच आमचं आयुष्य चाललं होतं. गाण्याशी आमच्या घराचा संबंध एवढाच, की भजनी मंडळाच्या वीणेची खुंटी ढिली झाली की ती माझ्या बापाकडे यायची. पुढं वाशीमपासून रिसोडपर्यंत आणि तिकडे अकोल्यापर्यंत लोक मला पेटी-तंबोऱ्याचा मिस्तरी म्हणून ओळखायला लागले, ते एका अमेरिकन बाईंमुळे. त्या गात असत आणि गितार वाजवत असत. त्यांच्या देशात एके काळी त्यांचं गाणं हजारो माणसं ऐकत होती, हे मला फार उशिरा कळलं.

गावाबाहेर मिशनचा बंगला होता आणि त्याला लागून दवाखाना. दवाखान्यात एक अमेरिकन नर्सबाई होत्या. अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची. वऱ्हाडी अशा बोलायच्या की भिंतीआडून ऐकणाऱ्याला कळू नये कोण बोलून राह्यलं. त्यांच्याकडे एका उन्हाळ्यात त्यांची थोरली बहीण राहायला आली. उंच, हाडकुळी, केस अर्धे पिकलेले. ही बाई कोणाशी बोलायची नाही. बोललीच तर कानात सांगितल्यासारखं, नुसत्या श्वासानं. गावानं तिला मुकी बाई ठरवून टाकलं.

पुढच्या वर्षी वैशाखात मला बंगल्यावर बोलावणं आलं. वाळ्याच्या ताट्यांच्या चौकटी मोडल्या होत्या. मी दोन दिवस तिथं काम केलं. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी एक लांबट लाकडी पेटी दाखवली आणि बिजागरी तुटली आहे तेवढी बसवून द्या म्हणाल्या. मी झाकण उघडलं. आत बाईच्या कमरेसारखं घाटदार असं वाद्य होतं, मधे गोल भोक, लांब मान, सहा तारा. चार तारा तुटून वळल्या होत्या. पाठीवरचं लाकूड मधोमध तडकलं होतं आणि तारा ज्या पट्टीला बांधतात ती घोडी पोटावरून सुटून वर आली होती.

मी ते हातात घेतलं. किती हलकं होतं, आणि पोटाची फळी किती पातळ. असं रंधा मारून काढलेलं लाकूड मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात थोरल्या बाई दारातून आल्या, वाद्य माझ्या हातून घेतलं, पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. मिशनच्या लोकांना भाषा शिकवणाऱ्या मुन्शीकडून शिकलेल्या पुस्तकी मराठीत, त्या श्वासाच्या आवाजात म्हणाल्या, “हे वाद्य मृत झाले आहे. आपण केवळ पेटी दुरुस्त करावी.”

मी तेव्हा पंचविशीत होतो, आणि लाकडाच्या बाबतीत मला कोणी शिकवलेलं चालत नसे. मी म्हटलं, “बाई, थे मेलं नाही. वाळलं आहे. तुमच्या मुलखातलं लाकूड, त्याले वऱ्हाडचं ऊन सोसलं नाही.”

नर्सबाईंनी बहिणीला इंग्रजीत काही सांगितलं. दोघींचं बराच वेळ चाललं. शेवटी थोरल्या बाईंनी पेटी पायानंच माझ्याकडे सरकवली. त्यात राग नव्हता. घरातली नको असलेली वस्तू द्यावी तसं ते होतं.

घरी आणलं तर बायको बुचकळ्यात पडली. लग्नाला आमच्या चार वर्षं झाली होती, मोठी पोरगी तीन वर्षांची होती. ती रिसोडकडच्या एका वस्तीवरची, मळ्यात वाढलेली, बोलायला फटकळ. मी ते वाद्य पाण्याच्या रांजणामागं ओल्या भिंतीला दोरीनं टांगलं, तेव्हा ती म्हणाली, “गाणाऱ्याची चीज न्हाणीजवळ कायले टांगता?” मी सांगितलं, लाकडाला तहान लागली आहे. आधी ते पाणी पिऊ दे, मग सरस लावू. ती रोज रांजणाला ओला फडका गुंडाळायची आणि चीर पाहायची. आठ-दहा दिवसांनी तिनंच मला हाक मारली. नख शिरेल एवढी उघडी चीर केसाएवढी राहिली होती. लाकूड आपलं आपण मिटत आलं होतं.

मग मी सरस शिजवला. पण नुसत्या सरसानं भागणार नव्हतं. आतल्या बाजूनं चिरेवर सागाचे बारके तुकडे आडवे चिकटवायला हवे होते, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. पाठ काढायची माझी हिंमत नव्हती, आणि मधल्या भोकातून माझा पंजा जाईना. वाकसानं लाकूड तासून तासून हात फळीसारखा झालेला. बायको बसून पाहत होती. तिनं काकणं कोपराकडे सारली, हाताला तेल लावलं आणि म्हणाली, “कुठं लावाचं तेवढं सांगा.” मी बाहेरून बोटानं ठोकून जागा दाखवायचो आणि ती आत चाचपून तुकडा बसवायची. सात तुकडे असे बसले, आणि सुटलेली घोडीही सरसानं पोटावर बसवली. ते वाद्य आम्ही दोघांनी दुरुस्त केलं, हे मी पुढं ज्याला त्याला सांगत आलो. ती मात्र सांगायची की मी फक्त हात घातला.

पेटीच्या झाकणाला आतून पेन्सिलीनं खूप काही लिहिलेलं होतं. ओळीखाली ओळ, सगळं इंग्रजीत. बिजागरी बसवताना मी ते पुसू नये म्हणून जपलं. वाद्य परत न्यायच्या दिवशी बायकोही बरोबर आली. थोरल्या बाईंनी पाठीवरून बोट फिरवलं. चीर सापडेना. मग त्यांनी भोकातून आत बघितलं, तुकडे दिसले, आणि माझा हात ओढून त्या भोकाजवळ धरला. मी बायकोकडे बोट दाखवलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी झाकणावरच्या लिहिण्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “ही गावे आहेत. जिथे मी गायले. माझा भाऊ लिहीत असे.”

पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांनी मला आणि बायकोला जे सांगितलं, ते तुकड्यातुकड्यांनी. एक ओसरीवर, एक दमणीत, म्हणजे प्रवासाच्या हलक्या बैलगाडीत, बसल्या बसल्या. मी ते इथं सलग लावून सांगतो.

त्यांचं गाव डोंगरात होतं. बाप कोळशाच्या खाणीत. आई ताक घुसळताना गायची, आणि ती गाणी त्यांच्या आजीच्या आजीनं समुद्रापलीकडून आणलेली. भाऊ दोन वर्षांनी मोठा. तो सारंगीसारखं, पण गळ्याशी धरून गजानं वाजवायचं वाद्य वाजवी. त्यानं बहिणीसाठी टपालानं ही गितार मागवली. बर्फात आगगाडीच्या ठेसनापर्यंत चालत जाऊन त्यानं ती पाठीवरून आणली. तीन सूर एकदम छेडायला रेल्वेच्या एका मजुरानं शिकवलं, बाकी त्या आपल्या आपण शिकल्या.

पहिलं काम मिळालं ते एका औषधविक्याच्या गाडीवर. तो गावोगाव घोडागाडी घेऊन फिरायचा. ही दोघं गाडीच्या फळीवर उभी राहून गायची, लोक जमायचे, आणि मग तो गडी बाटल्या काढायचा. डोकं, पोट, सांधे, सगळ्यावर एकच बाटली. आमच्याकडे जत्रेत जडीबुटीवाले करतात तसंच. बाई म्हणायच्या की त्या बाटलीत रंगवलेलं पाणी आणि दारू असायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं. एका म्हातारीनं ते लहान नातवासाठी नेलेलं त्यांनी पाहिलं होतं. पुढं नाव झालं तरी ती म्हातारी त्यांच्या मनातून गेली नाही.

मग एका शहरात तबकड्या करणारी कंपनी आली. एका वखारीत भिंतींना वाकळा टांगल्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. डोंगरातून माणसं चालत, खेचरावर बसून आली, रांग लागली. भावा-बहिणीनं चार गाणी गायली. त्यातली एक तबकडी खूप चालली. लोकांनी घरी वाजवली, दुकानात वाजवली. मग रेडिओवाल्यांनी बोलावलं. दर शनिवारी त्या गायच्या आणि शेतावरची माणसं, ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही, ती पत्रं लिहायची. कोणी लोणी पाठवायचं, कोणी विणलेले मोजे. भाऊ मोटार चालवायचा, एका गावाहून दुसऱ्या गावी, आणि प्रत्येक गावाचं नाव झाकणावर लिहायचा.

एका पुराच्या दिवसांत ती मोटार पुलावरून वाहून गेली. बाई त्या दिवशी ताप आला म्हणून मागं राहिल्या होत्या. भाऊ गेला. गितार बाईंजवळ होती म्हणून राहिली.

त्यांनी एकटीनं गाणं चालू ठेवलं. पण तिकडे वाईट दिवस आले, लोकांना भाकरीची पंचाईत, तबकड्या कोण घेणार. कंपनीनं बोलावणं बंद केलं. त्या लहान लहान ठिकाणी, मिळेल तिथं, रोज गायच्या. एक दिवस गाता गाता आवाज तुटला आणि परत जुळला नाही. डॉक्टरनं वर्षभर मौन सांगितलं. वर्ष संपलं, पण त्यांनी मौन काही सोडलं नाही. मग बहिणीनं त्यांना इकडे बोलावून घेतलं.

पण त्या पहिल्या दिवशी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. वाद्याला अजून तारा नव्हत्या. मी अकोल्याला जाणाऱ्या एका गाडीवानाकडून सतारीच्या पोलादी तारा मागवल्या, जाड तारांसाठी बारीक तारेवर पितळेची तार गुंडाळून बघितली. चार वेळा बिघडली, पाचव्या वेळी जमली. त्या बंगल्यावर नेऊन चढवल्या, तेव्हा बाईंनी कान लावून खुंट्या पिळल्या आणि बोटं फिरवली. मला आठवतं, बंगल्याच्या माळ्यानं झारी खाली ठेवली.

त्या वाजवायला लागल्या. गात मात्र नव्हत्या.

बायको पंधरा दिवसांतून एकदा बंगल्यावर जाऊ लागली. माहेरचा मळा होताच, मेथी, वांगी, सांभाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी घेऊन जायची आणि बसून राहायची. तिला तोंड बंद ठेवणं कधी जमलं नाही. एकदा तिनं सरळ विचारलं, “बाई, तुमी गात काहून नाही?” बाई म्हणाल्या, आवाज गेला. बायको म्हणाली, “मंग हा बोलता थो कोणाचा आहे?”

मी मागं उभा होतो. मला वाटलं आता बाई उठून आत जातील. त्या हसल्या. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

बायको म्हणाली की तिच्या आईचाही आवाज म्हातारपणी फाटला होता, पण जात्यावर बसली की कोणी तिला गप्प राहा म्हटलं नाही. जात्याले कुठं गोड आवाज लागते. आणि तिनं तिथंच, जातं नसताना, ओवी म्हटली.

गेला भाऊ दूर देसा, वाट पऱ्हाटीत बुडे
त्याच्या पायाची गं माती, माह्या उंबऱ्याशी पडे

बाईंनी अर्थ विचारला. शब्दाशब्दाचा विचारला. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, ते कळायला वेळ लागला. नंतर त्यांनी बायकोला पुन्हा म्हणायला लावलं आणि खालच्या पट्टीत तिच्यामागं सूर धरला. आवाज जाड, खरखरीत होता. वरचा सूर आला की तो वाळूत पाय रुतावा तसा थांबायचा. बायकोनं थांबून वाट पाहिली आणि मग दोघी पुढं गेल्या. भावाबद्दल आम्हाला त्या दिवशी कळलं. बायकोला आपण कोणती ओवी निवडली ते तेव्हा उमगलं.

थंडीच्या दिवसांत नर्सबाई दवाखाना घेऊन खेड्यांत फिरत. तंबू, औषधाच्या पेट्या, आणि दोन बैलगाड्या. रस्ते असे की दर दोन कोसांवर चाकाचा आरा निसटायचा, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. त्या वर्षी थोरल्या बाईही निघाल्या. गितार मागं ठेवली तर पुन्हा वाळेल म्हणून तीही पेटीत घालून दमणीत ठेवली. मी पेटीत एका डबीत ओली चिंधी ठेवायला शिकवलं होतं.

शिरपूरला बाजाराच्या दिवशी तंबू पडला. देवळाकडे यात्रेकरूंची वर्दळ, इकडे धान्याचे ढीग, पण तंबूकडे कोणी फिरकेना. नर्सबाई लहान लेकरांना देवी टोचणार होत्या. देवीची साथ आसपासच्या गावांत आली होती. बायका लांबूनच लेकरांना पदराखाली घेऊन निघून जायच्या. आदल्या वर्षी कोणीतरी उठवलं होतं, की गोरी बाई टोचते ते लेकरू बाटते. दोन तास गेले. नर्सबाईंनी तीन माणसांची खरूज पाहिली, बस.

थोरल्या बाई दमणीत बसून हे पाहत होत्या. मग त्यांनी पेटी उघडली. मी बैलं सोडून एका झाडाखाली बांधली होती, दमणी जुवावर टेकलेली. त्या म्हणाल्या, “मिस्तरी, ही फळी माझे वजन सहन करील काय?”

मी दोन दगड लावले, फळी सपाट केली. त्या वर उभ्या राहिल्या. कोणीही पाहत नव्हतं. त्यांनी हातानं ठेका धरला, जाड तारेवर अंगठा आणि बारक्या तारांवर बोटं, बैल दुडक्या चालीनं जावा तसा. आणि गायला लागल्या. त्यांच्या डोंगरातलं गाणं, त्यांच्या भाषेत. कोणाला शब्द कळण्याचा प्रश्नच नव्हता. आवाज मी सांगितला तसाच, खालचा, खरखरीत, पण त्या दिवशी तो थांबला नाही. जिथं वर जायचं तिथं त्या खालून वळसा घेऊन गेल्या.

आधी धान्य मोजणाऱ्या मापाड्यानं मान वर केली. मग बांगड्या भरणारीकडच्या बाया वळल्या. तिसऱ्या गाण्याला दमणीभोवती एवढी गर्दी झाली की मी चाकाला हात लावून उभा राहिलो, धक्क्यानं दगड सुटू नयेत म्हणून. गोरी बाई गाते आहे, हातात सहा तारांची तुणतुण्याची थोरली बहीण आहे, असं एकजण म्हणाला. चौथं गाणं म्हणून बाईंनी ती ओवी घेतली, पऱ्हाटीची. उच्चार वेगळे होते, तरी बायांना कळलं. एका म्हातारीनं पुढं येऊन दमणीची फळी धरली आणि पुढची ओवी आपली टाकली. बाईंनी तिच्यामागं तारा छेडल्या. मग दुसरी बाई, मग तिसरी.

गाणं थांबल्यावर बाईंनी तंबूकडे बोट दाखवलं आणि मुन्शीच्या मराठीत सांगितलं, की ती माझी लहान बहीण आहे, ती लेकरांना देवी येऊ नये म्हणून टोचते, लहानपणी आमच्या आईनं आम्हालाही टोचवलं. दंडावरचा वण त्यांनी बाही सारून दाखवला. ती म्हातारी म्हणाली, “हे बाई खोटं नाही बोलत. इचा आवाज जुन्या गुळावाणी आहे.” तिनं आपल्या सुनेला पुढं ढकललं. सून नातवाला घेऊन गेली आणि तिच्यामागं बाकीच्या.

दिवस मावळायच्या आत नर्सबाईंची लस संपली.

सामान बांधताना थोरल्या बाई माझ्याजवळ आल्या. त्या दिवशी त्यांनी मला ती रंगीत बाटल्यांची आणि नातवासाठी औषध नेणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाल्या, “मिस्तरी, तेव्हा आम्ही गात होतो आणि औषध खोटे होते. आज औषध खरे होते.” त्यांचे डोळे भरले होते. मी गितार घेतली आणि पेटीत नीट ठेवली.

त्यानंतर तीन हिवाळे आम्ही असे फिरलो. मानोऱ्याकडे गेलो, पोहरादेवीच्या जत्रेत गेलो. तिथं बंजारा बायांनी त्यांना आपल्या रिंगणात ओढून नेलं. बाईंना त्या पावलावर नाचता येईना, तेव्हा बाया मोकळेपणी हसल्या आणि बाईही हसल्या. रिसोडच्या बाजारात तर लोक वाट पाहायचे, गितारवाल्या बाई कोण्या दिवशी येऊन राह्यल्या म्हणून मला विचारायचे. मुकी बाई हे नाव कधी पुसलं गेलं ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

मला मात्र जातभाईंनी एकदा बसवून विचारलं, मिशनवाल्यांसोबत फिरतो, त्याईचं अन्न खातो काय, बाटला तर नाही. मी सांगितलं की मी माझी भाकर माझ्या फडक्यात नेतो आणि त्यांच्या चाकांचे आरे बसवतो. एक म्हातारे होते, त्यांच्या नातीला शिरपूरला टोचलं होतं. ते म्हणाले, “जाऊ द्या. पोरीले देवी निघाली नाही, हे माह्या घरचं आहे.” तो विषय तिथंच मिटला. त्या म्हाताऱ्यांचे उपकार मी विसरलो नाही.

बाईंनी माझ्यावर केलेले उपकार वेगळे. बंगल्यावर एक बाजाची पेटी पडून होती, भाता फाटलेला, अर्धे सूर मुके. त्यांनी ती माझ्यापुढं ठेवली आणि उघडा म्हणाल्या. मी म्हटलं, मी चाकं करणारा माणूस. त्या म्हणाल्या की चाक गोल झालं की नाही हे मी डोळ्यानं नाही, कानानं ओळखतो, ते त्यांनी पाहिलं आहे. खरंच होतं. चाक फिरवून ठोकलं की आवाजावरून मला कळायचं कुठला आरा ढिला आहे. बापानं शिकवलं होतं, पण ही काही विद्या आहे असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. दोन महिने मी त्या पेटीला बसलो. पितळेच्या जिभा घासून घासून सूर कसा चढतो-उतरतो ते बाई समोर बसून गितारीवर दाखवायच्या. चुकलो की मान हलवायच्या, बस. रागावल्या कधी नाहीत. पेटी वाजली तेव्हा त्यांनी नर्सबाईंना हाक मारून बोलावलं, आणि हे मिस्तरीनं केलं असं दोनदा सांगितलं. तिथून भजनी मंडळांच्या पेट्या माझ्याकडे यायला लागल्या, मग शाळेची, मग अकोल्याच्या एका गवयाचा तंबोरा. वखर-तिफणीचं काम मी सोडलं नाही, पण घर चाललं ते या कामावर, आणि त्यात जो आनंद होता तो मला बंडीत कधी मिळाला नव्हता.

महायुद्ध पेटलं तेव्हा मिशननं नर्सबाईंना दूर दक्षिणेकडे पाठवायचं ठरवलं. थोरल्या बाईंना त्यांच्या देशात परतावं लागणार होतं, जहाजं बंद व्हायच्या आत. वाशीमच्या ठेसनावर गाडीला वेळ होता. शिरपूरच्या दोन बाया आल्या होत्या, शेंगांचं गाठोडं घेऊन. बाईंनी पेटीचं झाकण उघडून दाखवलं. भावाच्या ओळींखाली त्यांनी नवी गावं लिहिली होती, आणि ती देवनागरीत, म्हणून मला वाचता आली. वाशीम. शिरपूर. रिसोड. पोहरादेवी. आणखी बारकी खेडी होती, जिथं आम्ही फक्त एक दुपार थांबलो होतो.

बायकोनं त्यांना नवं लुगडं नेसवायचा हट्ट केला होता, पण बाई म्हणाल्या की ते पायात येऊन जहाजावर त्या पडतील. म्हणून तिनं ते घडी करून गाठोड्यात दिलं. गाडी सुटताना बाई आमच्या बायांसारख्या वऱ्हाडीत म्हणाल्या, “येतो मिस्तरी.” मुन्शीची मराठी त्यांनी केव्हाच सोडली होती.

लढाईची सगळी वर्षं पत्र आलं नाही. त्या पोचल्या की बुडाल्या तेही कळेना. बायको दर बाजाराला टपालवाल्याला विचारायची, आणि तो बिचारा दरवेळी मान हलवायचा. लढाई संपल्यावर एक पाकीट आलं. पत्र मराठीत होतं, अक्षर लेकरासारखं मोठं मोठं. त्या डोंगरातल्या आपल्या गावाजवळ राहत होत्या. जवळच्या शहरात एक लहान रेडिओ होता, तिथं त्या पुन्हा शनिवारी गात होत्या. सुरुवातीला लोकांनी पत्रं लिहिली की तुमचा जुना आवाज कुठं गेला. मग ती पत्रं थांबली आणि दुसरी यायला लागली. एका खाणकामगाराच्या विधवेनं लिहिलं होतं की हा आवाज तिला ओळखीचा वाटतो. नवी तबकडीही झाली होती, पण टपालात फुटेल म्हणून पाठवली नाही. मिस्तरी आणि मिस्तरीणबाई नसते तर पेटीचं झाकण मी उघडलं नसतं, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी ते पत्र बायकोला तीनदा वाचून दाखवलं. मग कागद घेऊन बसलो आणि काय लिहू म्हणून विचारलं. ती चुलीपुढं भाकर थापत होती. म्हणाली, “लिहा, तब्येत बरी आहे. औंदा वांगी लय झाली. मोठी पोरगी सासरी गेली, बारकी पेटीवर बसते. आन आमच्याकून त्याईचे उपकार मानतो म्हणा.”

मी लिहिलं. मग तिनं भाकर तव्यावर टाकली, हात धुतले आणि जवळ येऊन कागदाकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं उपकाराचं कुठं लिहिलं. मी बोट ठेवलं. ती म्हणाली, थे अजून एकदा लिहा.